पंचतारांकित वाण

ज्या दिवशी खांबेटे पॅकर्स नकाशावरून नाहीसे झाले, त्या दिवशी राजन खांबेटे स्वतः आखातात, देरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये पोहे खात बसले होते. आपण नाहीसे झालो आहोत याची त्यांना काडीइतकी कल्पना नव्हती. बातमी दिली ती त्यांच्या मुलीने. शुभ्रा नववीत होती. लॅपटॉपवरून मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, यू डोंट एक्झिस्ट."

खांबेट्यांनी आधी पोहे संपवले. वाईट बातमी रिकाम्या पोटी ऐकू नये, एवढं शहाणपण त्यांना मंदीने शिकवलं होतं. मग त्यांनी चष्मा लावला आणि पाहिलं. इंटरनेटवरच्या नकाशात रास अल खोर होतं, तिथलं टायरचं दुकान होतं, त्याशेजारची कॅफेटेरिया होती. कॅफेटेरियाच्या मागे कालपर्यंत जो लाल ठिपका होता आणि त्यावर बोट ठेवलं की खांबेट्यांचं नाव आणि फोन नंबर यायचा, तो ठिपका तेवढा गेला होता. तिथे आता नुसती वाळू दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, ठिपक्याचं एवढं काय. तर ते दोन हजार दहा साल होतं. क्रेन थांबल्या होत्या, माणसं परत निघाली होती आणि निघालेली माणसं ऑफिसच्या कंप्यूटरवर, कुणाला दिसणार नाही अशा बेताने 'पॅकर्स' असा शब्द टाकत होती. मग ठिपका दिसायचा, फोन वाजायचा. खांबेट्यांची स्वतःची नोकरी मंदीच्या पहिल्याच लाटेत गेली होती. त्यांनी गुदामाचा एक कोपरा, एक जुना पिकअप आणि तुकाराम व सुदेश अशी दोन माणसं एवढ्यावर लोकांचे संसार खोक्यांत भरून मायदेशी पाठवायचा धंदा उभा केला. चालला होता चांगला. पण "धंदा कसा आहे?" असं कुणी विचारलं की खांबेटे मान खाली घालून "ठीक आहे" म्हणत. दुसऱ्याच्या निघण्यावर आपलं राहणं अवलंबून आहे, ही गोष्ट मोठ्याने बोलण्यासारखी नव्हती.

आणि राहणं खरोखरच अवलंबून होतं. मार्चमध्ये लायसन्सचं नूतनीकरण होतं. धंदा नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर तिघांचा व्हिसा नाही. मग ऐन दहावीच्या तोंडावर पोरीची शाळा बदलायची आणि पुण्याला जाऊन नातेवाइकांना "आलो परत" म्हणून सांगायचं. खांबेट्यांना शाळेपेक्षा त्या "आलो परत"ची धास्ती जास्त होती.

नकाशावाल्या कंपनीची ईमेल आली होती. तिच्यात 'संशयास्पद हालचाल' असे शब्द होते. ते वाचून खांबेट्यांचे कान लाल झाले. उभ्या नोकरीत ज्या माणसाने सप्लायरकडून नवीन वर्षाची डायरीसुद्धा घेतली नाही, त्याच्यावर संशय? "विभा," ते बायकोला म्हणाले, "मी काही हालचाल केली का?"

विभावरीबाईंनी हातातली कढई खाली ठेवली. त्यांच्या मनात शुक्रवारचं हळदीकुंकू आलं.

दरवर्षी संक्रांतीला वाण काय लुटायचं, या प्रश्नाने विभावरीबाईंची झोप उडते. डबे झाले, वाट्या झाल्या, एका वर्षी लिंबू पिळायची यंत्रं झाली. यंदा समोरच्या फ्लॅटमधला अंकुर देवधर लिफ्टमध्ये भेटला होता. तो एका बड्या बिल्डरकडे प्रोजेक्ट मॅनेजर. त्याने सल्ला दिला, "वहिनी, राजनरावांच्या धंद्याला व्हिजिबिलिटी पाहिजे. रिव्ह्यू पाहिजेत." तेव्हा विभावरीबाईंनी दोन्हींची सांगड घातली. बायका आल्या, हळदीकुंकू झालं, अत्तर झालं, तिळगूळ झाला. मग प्रत्येकीला कोपऱ्यात शुभ्रासमोर बसवण्यात आलं. शुभ्रा भराभर ईमेलची खाती उघडून देत होती आणि "नेक्स्ट आंटी, प्लीज" म्हणत होती. रिव्ह्यू दिला की हातात वाण.

बायकांनीही हात आखडता घेतला नाही. ज्या खांबेट्यांकडून एकीनेही कधी काडी बांधून घेतली नव्हती, त्यांना प्रत्येकीने पाच-पाच तारे दिले. काहींनी प्रामाणिकपणे लिहिलं की तिळगूळ खुसखुशीत होता, त्याअर्थी पॅकिंगही चांगलंच असणार. एकीला उखाण्याशिवाय काही सुचेना. तिने लिहिलं, 'खाडीत चालली अब्रा, काठावर बसली मैना, मकरंदरावांच्या सामानात फुटला नाही ऐना.' मकरंदरावांचं सामान आजही शारजात जिथल्या तिथे आहे. अंकुरच्या बायकोने, आभाने, मात्र रिव्ह्यू लिहिला नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि तशीच उठून गेली. वाण तिला दारापर्यंत नेऊन द्यावं लागलं.

तर एका घरातून, एका कंप्यूटरवरून, एकाच संध्याकाळी पैठण्या नेसलेल्या समस्त महिलावर्गाने एका गृहस्थाची मुक्तकंठाने स्तुती केली. नकाशावाल्या कंपनीला हळदीकुंकू ठाऊक नव्हतं. तिला भलताच संशय आला. यात तिला दोष देता येत नाही, आणि विभावरीबाईंना देण्याची खांबेट्यांची छाती नव्हती.

पुढे सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आपल्यात कधीच वानवा नसते. सुदेश वेंगुर्ल्याचा, त्याने गावच्या देवाला गाऱ्हाणं घालू म्हणून सांगितलं. तुकाराम म्हणाला, "साहेब, कंपनीचं नावच बदला. सुटसुटीत ठेवा." पण मुख्य सल्लागार अंकुर. सकाळी अकराला जा, दुपारी तीनला जा, इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अशा थाटात तो कॉरिडॉरमध्ये हजर. "आज साइट व्हिजिट आहे, उशिरा निघतोय," असं सांगायचा आणि सल्ला द्यायचा. "राजनराव, ईमेल-बिमेल सोडा. गो टू द टॉप. त्यांच्या ऑफिसात जाऊन उभे राहा."

खांबेट्यांना हे पटलं. जिथे अर्ज घ्यायला खिडकी नाही आणि खिडकीमागे माणूस नाही, अशा कचेरीवर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांनी कोट चढवला, लायसन्सची फाइल काखेत घेतली आणि मेट्रोने, पुढे बसने आणि शेवटी टॅक्सीने ते त्या काचेच्या टॉवरपाशी पोचले. टॅक्सीचे वीस दिरहॅम देताना "म्हणजे अडीचशे रुपये," असं ते सवयीने मोठ्याने म्हणाले आणि पेशावरी ड्रायव्हरने सवयीने मान हलवली.

रखवालदाराचं नाव नूरुद्दीन होतं. "किससे मिलना है, सर?"

"जो साहेब नकाशा देखते हैं, उनसे."

नूरुद्दीनने आत फोन केला. वरून एक तरुणी आली. अतिशय अदबशीर. तिने सांगितलं की या इमारतीत फक्त जाहिरातींचं खातं आहे, नकाशा इथे कुणीच पाहत नाही. मग कुठे पाहतात? ते तिला माहीत नव्हतं. तिने त्यांना गार पाण्याची बाटली आणि कंपनीचं नाव असलेलं एक पेन दिलं. खांबेटे पाणी प्यायले. पेन मात्र त्यांनी टेबलावर ठेवलं. जिथे आपल्यावर संशय घेतात तिथलं पेन घेऊ नये.

राहता राहिला टायपिंग सेंटरचा मार्ग. या देशात जन्म, लग्न, भांडण, तडजोड, सगळं आधी टायपिंग सेंटरमध्ये टाइप होतं आणि मगच घडतं. हमदुल्लांचं सेंटर देराच्या जुन्या बाजारात होतं. त्यांनी खांबेट्यांची सगळी कागदपत्रं आजवर टाइप केली होती. त्यांनी चहा मागवला आणि हकिकत ऐकून घेतली.

"हल्दी तो समझ गया," हमदुल्ला म्हणाले. "लेकिन खवातीन, मतलब लेडीज लोग, वहाँ कर क्या रही थीं?"

"वो संक्रांत में वाण लूटते हैं."

हमदुल्लांची बोटं थांबली. "लूटते हैं, ये मत लिखवाओ, साब."

तेव्हा 'पारंपरिक भेटवस्तूंचे आदानप्रदान' असं लिहिलं गेलं. अर्ज दोन पानी झाला. त्याच्यावर कंपनीचा गोल शिक्का बसला, मग सही, मग सहीवर पुन्हा शिक्का. हमदुल्लांनी तो डोळे बारीक करून लांबून पाहिला. "कागज पक्का है," ते म्हणाले. "मगर साब, आदमी नाराज हो तो चाय पिला सकते हैं. ये कंप्यूटर है. इन्शाल्ला बोलो और भेज दो." अर्ज स्कॅन होऊन गेला.

कधी नव्हे ते उत्तर आलं. तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं सुरुवातीला होतं. त्यावर खांबेटे बराच वेळ प्रसन्न राहिले. मग त्यांनी पुढचं वाचलं. शिक्क्यांचा उल्लेखही नव्हता. धंदा खरा आहे याचा पुरावा म्हणून, कर्मचारी प्रत्यक्ष काम करत असतानाचे ताजे फोटो पाठवावेत. ते पटले तर नोंदवलेल्या नंबरावर फोन येईल आणि एक गुप्त आकडा सांगितला जाईल. तो परत कळवावा. नोंदवलेला नंबर म्हणजे घरचाच फोन होता, आणि तो विभावरीबाईच उचलत.

फोनचं जमण्यासारखं होतं. फोटोंचं काय करायचं? ठिपका गेल्यापासून एक काम आलं नव्हतं. तुकाराम आणि सुदेश गुदामात बसून एकमेकांची दाढी करत होते. काम नाही म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून ठिपका नाही, ठिपका नाही म्हणून काम नाही. खांबेट्यांनी हे अंकुरला कॉरिडॉरमध्ये समजावून सांगितलं.

"सोपं आहे," अंकुर म्हणाला. "रिकामी खोकी रचा आणि काढा फोटो. आमच्याकडे सॅम्पल फ्लॅट असायचा, त्यात फ्रिजसुद्धा पुठ्ठ्याचा."

"नाही," खांबेटे म्हणाले. "खोटेपणाचा आरोप धुवायला खोटे फोटो? मला ते जमणार नाही."

रात्री जेवताना ते हेच पुन्हा बोलले. विभावरीबाई आमटी वाढत होत्या. "मग आपलंच घर बांधा," त्या म्हणाल्या. "खरं घर, खरं सामान, खरी माणसं. कोण काय म्हणेल?"

शुक्रवारी सकाळी पिकअप खाली लागला. ठरलं होतं की दिवाणखान्यातलं थोडं बांधायचं, फोटो काढायचे, सोडायचं. पण कित्येक दिवस रिकामे बसलेल्या माणसांच्या हातात टेप दिल्यावर ती दिवाणखान्यात थांबत नाहीत. तुकारामने शोकेस बांधलं, सुदेश स्वयंपाकघरात घुसला. "यल्ला, चला, वहिनी, डबे सोडा," म्हणाला. शुभ्रा कॅमेरा घेऊन फिरत होती. "बाबा, लुक बिझी," असं ती मधूनमधून सांगत होती. खांबेटे मुळातच गोंधळलेले होते. फोटोत तेच कामात गढल्यासारखं दिसलं.

अंकुर दारात उभा होता. एरवी तोंडाला खंड नसलेला हा माणूस आज काही सुचवत नव्हता. फक्त प्रश्न विचारत होता. फ्रिज उभाच न्यावा लागतो का? पुण्यात तिसरा मजला असेल आणि लिफ्ट नसेल तर? लहान मुलांच्या सायकली घेतात? खांबेट्यांना बरं वाटलं. कुणीतरी त्यांच्या धंद्यात रस घेत होतं. थोड्या वेळाने अंकुरने सुदेशच्या हातातली टेप घेतली आणि एक खोकं स्वतःच चिकटवलं. मग एकदम काम आठवल्यासारखा निघून गेला.

विभावरीबाईंचे हात मात्र बघण्यासारखे चालले होते. कुठली भांडी कशात, लोणच्याची बरणी कशाला टेकवून, साड्यांच्या घड्यांत काचेचे ग्लास, सगळं न विचारता. तुकारामसुद्धा बाजूला सरला. त्या एकदाच अडल्या. सुदेश देवांना हात लावायला गेला तेव्हा म्हणाल्या, "देव नाही बांधायचे. देव सगळ्यात शेवटी."

"अगं, तुला हे सगळं कसं येतं?" खांबेट्यांनी विचारलं.

"तुमची नोकरी गेल्यापासून रोज बांधते की," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात. झोप येत नाही तेव्हा. एकदा तर फ्रिजपर्यंत पोचले होते."

खांबेट्यांना हे माहीत नव्हतं. आपली चिंता आपण एकट्यानेच पेलतो आहोत, अशी त्यांची समजूत होती आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता. त्यांना फार वाईट वाटलं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवावा असं मनात आलं. पण दोघांच्या मधे वॉशिंग मशीन होतं.

फोटो गेले. नकाशावाल्या कंपनीने एरवी लावला असता तेवढा उशीर या वेळी लावला नाही. खोकी अजून सोडायची होती, तोच फोन वाजू लागला.

बिनतारी फोनचा तळ भिंतीवर होता. हातात घ्यायचा रिसीव्हर मात्र कुठेतरी खोक्यात वाजत होता. सगळ्या खोक्यांवर सुदेशच्या अक्षरात एकच शब्द होता, 'सामान'. पहिल्या खोक्यात इस्त्री निघाली. दुसऱ्यात शुभ्राची भूगोलाची पुस्तकं, तिसऱ्यात मिक्सर. खांबेटे गुडघ्यांवर बसून एकेका खोक्याला कान लावत होते. स्वतःच्या पॅकिंगला नावं ठेवायची पाळी माणसावर येऊ नये, पण टेप खरोखरच सुटत नव्हती. शेवटी तुकारामला आठवलं. पोकळ वस्तू रिकामी जाऊ द्यायची नाही, हा धडा त्याला खांबेट्यांनीच दिला होता. फोन प्रेशर कुकरमध्ये होता.

कुकरचं झाकण काढून खांबेट्यांनी "हॅलो, खांबेटे पॅकर्स" म्हटलं, आणि एक यांत्रिक बाई इंग्रजीतून आकडे सांगू लागली. शुभ्राने ते जवळच्या खोक्यावर मार्करने लिहून घेतले. त्या आकड्यांवरून खांबेट्यांना नकाशावर पुन्हा जागा मिळाली. लाल ठिपका कॅफेटेरियामागे येऊन बसला. सुदेशने नारळ फोडला. गाऱ्हाण्याचं श्रेय त्याने घेतलं, ते त्याला द्यायला कुणाची हरकत नव्हती.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण ठिपक्याबरोबर फोटोही सगळ्या जगाला दिसू लागले, ही गोष्ट खांबेट्यांच्या ध्यानात आली नव्हती. पहिलाच फोटो असा होता: ओळखीचा दिवाणखाना, ओळखीचे पडदे, आणि खोक्यांच्या राशीपुढे पदर खोचून उभ्या विभावरीबाई. संध्याकाळपर्यंत देरा, करामा आणि शारजाच्या मराठी घरांत बातमी पोचली की खांबेटे निघाले.

मग काय विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळीच एकीने सोफ्याची चौकशी केली. एका गृहस्थाने फ्लॅट आपल्या मेव्हण्याला मिळावा म्हणून घरमालकाचा नंबर मागितला. इथल्या मराठी मंडळाने शाल आणि श्रीफळ ठरवून टाकलं. जो तो खांबेट्यांना "शेवटी तुम्हीही?" असं इतक्या मायेने विचारायचा की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या "आलो परत"च्या धास्तीने त्यांनी एवढा खटाटोप केला, तेच इथे न जाता पदरी पडलं होतं. "उद्या सगळ्यांना मेल पाठवतो," ते संतापून म्हणाले. "आम्ही कुठेही जात नाही, म्हणून. शिक्क्यानिशी."

विभावरीबाई खोकी सोडत होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"इज धिस खांबेटे पॅकर्स?" आवाज औपचारिक होता, दबका होता. "टू बेडरूम आहे. देरा टू पुणे. पुढच्या महिन्यात."

ठिपका परतल्यानंतरचं पहिलं काम. खांबेट्यांनी वही ओढली. "नक्की करू. नाव सांगा, सर."

नावाऐवजी कुठेतरी लहान मुलाचं रडणं ऐकू आलं. गंमत म्हणजे ते खांबेट्यांना फोनमधून आलं आणि दाराबाहेरूनही आलं.

"राजनराव," आवाज म्हणाला, "अंकुर बोलतोय."

खांबेट्यांनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"दिवाळीच्या आधीच गेली नोकरी," अंकुर म्हणाला. "व्हिसा मार्चपर्यंत ठेवलाय त्यांनी. आभा सोडून कुणाला माहीत नाही. समोर येऊन सांगायचं होतं, चार वेळा बेलपर्यंत हात गेला. तुमच्या दारात उभा होतो तेव्हा वाटलं, हे फोटोपुरतंच असेल. मग काल सगळीकडे ऐकलं की तुम्ही खरंच निघालात, फोटोही पाहिला. म्हटलं, खांबेट्यांसारखा माणूस ताठ मानेने सामान बांधतो, तर आपल्याला कसली लाज? खूप धीर आला हो. तुम्ही कधी निघताय?"

इस्त्रीचा शर्ट, गळ्यातलं ओळखपत्र, सकाळी अकराची साइट व्हिजिट, सगळं खांबेट्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आपण निघत नाही, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. खोटा फोटो ज्याने पाठवला नाही, त्याला खोटं बोलणं शक्यच नव्हतं. विभावरीबाई अर्धवट सुटलेल्या खोक्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहून हळूच मान हलवली, नको अशी. आणि खोक्यातून काढलेले ग्लास पुन्हा एकेक करून आत ठेवायला सुरुवात केली.

खांबेट्यांनी घसा साफ केला. "आमचं काय, बांधलेलंच आहे," ते म्हणाले. "आधी तुमचं बांधू."

मग खांबेट्यांनी वहीचं पान उलटलं, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं शांतपणे विचारलं, "मजला कितवा, सर? लिफ्ट आहे?"

आणि समोरच्या दारामागून अंकुरने मजला सांगितला, आणि लिफ्ट आहे म्हणून सांगितलं.